चमचाभर कफ

कुणाला वडिलांकडून घर हवं असतं, कुणाला जमिनीचा तुकडा, कुणाला नुसती शाबासकी. मला गेल्या थंडीत माझ्या वडिलांकडून चमचाभर कफ हवा होता. जिवाचं रान केलं तरी तो वेळेवर मिळाला नाही, आणि मिळाला तेव्हा आमच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं. गोष्ट एवढीच आहे. ती सांगताना मला मधूनच हसू येतं, त्याला माझा नाइलाज आहे. अप्पा असते तर तेही हसले असते, आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली असती.

अप्पांची छाती पहिल्यापासूनच नाजूक. थंडी आली की खोकला, खोकल्यामागून ताप, तापामागून गोळ्या, असा दरवर्षीचा क्रम. या वेळी मात्र गोळ्या झाल्या, त्या बदलून दुसऱ्या झाल्या, तरी ताप घर सोडायला तयार नव्हता. डॉक्टरबाईंनी बराच वेळ त्यांच्या पाठीला नळी लावून ऐकलं आणि मग मला बाजूला घेतलं.

"आता तिसरं औषध अंदाजानं दिलं तर ते लागू पडेलच असं मी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "यांच्या छातीत जंतू कुठले आहेत आणि ते कशानं मरतात, ते मला कळायला हवं. कफ तपासू. प्रयोगशाळेत त्यातले जंतू वाढवतात आणि त्यांच्यावर एकेक औषध घालून बघतात."

त्यांनी लाल झाकणाची एक डबी माझ्या हातात ठेवली. सकाळी उठल्या उठल्या साध्या पाण्यानं चूळ भरायची. दीर्घ श्वास घ्यायचा. खोलवरून खोकायचं. थुंकी नको, कफ हवा. चमचाभर पुरे. ताजा असतानाच पोचवायचा. तो दिला की मगच नव्या गोळ्या सुरू करायच्या, आधी नाही.

"आणि उशीर करू नका. मला त्यांची छाती काही ठीक वाटत नाही."

चमचाभर! मी मनातल्या मनात हसलो. मी विमा कंपनीत दावे तपासायच्या टेबलावर बसतो. सही नाही, शिक्का नाही, तारखेत खाडाखोड, अशी कागदपत्रं परत पाठवण्यात माझा हात धरणारा आमच्या कार्यालयात दुसरा नाही. लोक मला पाहून लिफ्टमध्ये शिरायचे थांबतात. असल्या माणसाला एक डबी भरून एका खिडकीत नेऊन देणं म्हणजे डाव्या हातचा मळ, असं मला वाटलं. अप्पांचा धंदा काय होता याचा मला त्या क्षणी साफ विसर पडला होता.

अप्पा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, कोर्टाच्या, शाळांच्या. पण त्यांचं खरं नाव झालं ते एका पाटीमुळे. 'येथे थुंकू नये.' या शहरातल्या सरकारी जिन्यांवर ही पाटी तुम्ही वाचली असेल तर ती बहुतेक अप्पांच्या हातची. अक्षर गचाळ असलं तर माणूस ऐकत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यातल्या 'थुं'वरचं टिंब ते श्वास रोखून काढत. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरही त्यांनी एक पाटी लावली होती, कुणी सांगितलं नसताना, स्वतःच्या रंगानं. जन्मभर हे लिहिणारा माणूस स्वतः थुंकेल कसा? दात घासतानासुद्धा अप्पा मोरीचं दार लावून नळ मोठा सोडायचे. आम्ही कुणीही, अगदी आईनंही, त्यांना थुंकताना पाहिलं नव्हतं. आलेला कफ ते घोट घेतल्यासारखा गिळून टाकत आणि रुमालानं ओठ टिपत.

पहिल्या सकाळी मी त्यांना उठवून बसवलं, चूळ भरायला लावली, आणि डबी तोंडापुढे धरली.

"हं. खोका."

अप्पांनी डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू बाहेर जा," ते म्हणाले.

मी बाहेर गेलो. बराच वेळ काही आवाज आला नाही. मग आतून हाक आली, "हिलाही बाहेर ने."

आई बाहेर आली. माझी बायको आधीच बाहेर होती. आम्ही तिघं बंद दाराकडे कान लावून उभे राहिलो. तेवढ्यात खालून सर्वज्ञ आले. हे तळमजल्यावर राहणारे निवृत्त ऑडिटर. नाव माझ्या बायकोनं ठेवलंय आणि आता इमारतीत सगळे तेच वापरतात, फक्त त्यांच्यासमोर काका म्हणतात. कुणाच्या घरी काय शिजतंय, कुणाला काय होतंय, हे त्यांना त्या घरातल्या माणसांच्या आधी कळतं.

"येत नाहीये का?" त्यांनी विचारलं. "अरे, डोकं खाली आणि पाय वर करायचे. पृथ्वी आपोआप ओढते."

मी त्यांना हो म्हणायला नको होतं. पण बाप खोलीत बसून घोट गिळतोय आणि उशीर करू नका असं डॉक्टरनं बजावलंय, अशा वेळी माणूस कुणाचंही ऐकतो. आम्ही अप्पांना पलंगावर पालथं घातलं, डोकं कडेवरून खाली. सर्वज्ञ त्यांच्या पाठीवर ओंजळीनं थापट्या मारू लागले. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई आवाज ऐकून खाली आल्या आणि वाफ द्या म्हणाल्या. म्हणून पलंगाखाली, अप्पांच्या तोंडाशी, वाफेचं पातेलं आलं. तिसऱ्या कुणीतरी त्यांना हसवा, हसताना छाती मोकळी होते, असं सुचवलं. मग सर्वज्ञांनी थापट्या मारता मारता आपल्या ऑडिटच्या काळातला एक विनोद सांगायला घेतला. तो मी पूर्वी ऐकलेला आहे. त्यात हसण्यासारखं काही नाही.

"मला सरळ करा," पलंगाखालून आवाज आला. "नाहीतर माझा इथेच हिशेब पूर्ण होईल."

शेवटी सगळ्यांना हाकलून दिल्यावर अप्पांनी मोरीत जाऊन, दार लावून, नळ सोडून, काहीतरी केलं आणि झाकण लावलेली डबी बाहेर आणून दिली. आईनं ती फडक्यात गुंडाळली. मी धावत सुटलो.

प्रयोगशाळेच्या खिडकीत जाड भिंगाच्या चष्म्याच्या एक बाई होत्या. त्यांनी डबी उघडली, नाकाजवळ नेली, आणि भुवया वर केल्या.

"याला फरशी पुसल्याचा वास का येतोय?"

मी घरी फोन लावला. आई म्हणाली, "अरे, दवाखान्यातली डबी. किती जणांचे हात लागले असतील. मी रात्रीच जंतुनाशक घालून, घासून, उकळत्या पाण्यातनं काढून ठेवलीय. परक्याच्या दारात जायची वस्तू, स्वच्छ नको का?"

"साहेब," खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "आम्ही इथे जंतू जगवतो. तुम्ही ते वाटेतच मारून आणलेत. नमुना घेता येणार नाही. नवीन डबी घ्या, पुन्हा आणा."

पुन्हा आणा. हे शब्द मी रोज लोकांना सांगतो. कुणी ते मला सांगितल्याचं मला आठवत नव्हतं. मी म्हटलं, "थोडा वास आहे एवढंच, चालवून घ्या ना." म्हणताना माझ्याच कानांना माझा आवाज ओळखीचा वाटला. माझ्या टेबलापुढे उभे राहणारे लोक अगदी अशाच सुरात बोलतात. बाईंनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं मीही त्या लोकांकडे पाहत असणार. नवीन डबी घेऊन मी परतलो. सावधगिरी म्हणून आणखी एक जादा घेऊन ठेवली.

दुसऱ्या खेपेला मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. डबीला आईनं हात लावला नाही. अप्पांनी मात्र तिच्यावरची चिकटपट्टी मागून घेतली. प्रयोगशाळेतल्या एका मुलीनं त्यांचं नाव पेनानं कसंबसं खरडलं होतं, ते त्यांना बघवेना. अंगात ताप, हात थरथरतोय, तरी बारीक कुंचला घेऊन त्यांनी स्वतःचं नाव काळ्या रंगात पुन्हा लिहिलं. सुरेख अक्षर. मग ते मोरीत गेले. नळ वाहिला. खोकल्याची उबळ आली, चांगली खोलवरची, आणि बाहेर आमचा तिघांचा जीव भांड्यात पडला.

खिडकीतल्या बाईंनी डबी हातात घेऊन नाव वाचलं. "किती छान लिहिलंय हो!" म्हणाल्या. मला अभिमान वाटला. मी घरी गेलो, अप्पांना नवी गोळी दिली, आणि कार्यालयात जाऊन त्या आनंदात दोन अर्धवट दावे तसेच मंजूर केले.

दुपारी फोन आला. "साहेब, ही लाळ आहे. सूक्ष्मदर्शकात नुसत्या तोंडातल्या पेशी दिसतात. छातीतलं यात काही नाही."

"पण मी स्वतः खोकला ऐकलाय!"

"खोकला डबीत यावा लागतो," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी मी अप्पांच्या पलंगाशी जाऊन बसलो. रागावायचं नाही असं ठरवून गेलो आणि बसल्या बसल्या रागावलो.

"आला होता ना कफ? मग गेला कुठे?"

अप्पा छताकडे बघत होते. त्यांचा श्वास आता शिटी वाजल्यासारखा येत होता.

"टाकला," ते म्हणाले. "पाणी ओतून टाकला."

"का?"

"अरे, काय ते दिसत होतं. हिरवं, घट्ट, दोरे सुटलेलं. ते परक्या बाईच्या हातात द्यायचं? आणि वर माझं नाव?" थोडा दम घेऊन ते पुढे म्हणाले, "मग तोंड स्वच्छ धुतलं आणि डबीत जरा नीटसं थुंकलो. आयुष्यात पहिल्यांदा. तुझ्यासाठी."

मला हसू आलं आणि त्याच वेळी भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. आई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "अहो, तेच हिरवं त्यांना हवंय." तर अप्पा म्हणाले, "हवं असेल. पण द्यायची आपल्याला लाज हवी की नको?"

त्यानंतर अचानक अप्पांचा ताप उतरला. दोन दिवस त्यांनी खुर्चीत बसून चहा घेतला, वर्तमानपत्रातल्या मथळ्यांच्या अक्षरांना नावं ठेवली. आम्ही सगळे हलके झालो. नव्या गोळ्यांचा गुण आला असं मी धरून चाललो. प्रयोगशाळेतून नवी डबी आणून तिसऱ्यांदा भरली ती तर त्यांनी आमच्यासमोर भरली, फक्त आम्ही पाठ फिरवायची या अटीवर. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "हं, हा कफ आहे." मला कुणी पदवी दिली असती तरी एवढा आनंद झाला नसता.

पण ताप पुन्हा चढला, पहिल्यापेक्षा जोरात. आणि प्रयोगशाळेतून निरोप आला की जंतू धड वाढलेच नाहीत. डॉक्टरबाईंनी अप्पांना आणि मला समोर बसवलं.

"मी दिलेल्या गोळ्यांशिवाय आणखी काही घेतलंत का?"

"नाही," मी ठासून सांगितलं.

"थोड्या," अप्पा म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळलो.

"सर्वज्ञांनी आणून दिल्या. त्यांच्या मेहुण्याला अशाच खोकल्यावर दिलेल्या. उरल्या होत्या."

"कुठल्या?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"पांढऱ्या. आणि दोन गुलाबी, लांबट."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. इथे मला आमच्या इमारतीची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे शेजारी साखर मागायला येत नाहीत, गोळ्या मागायला येतात. प्रत्येक घरात एक डबा आहे. ताप उतरला की गोळ्या थांबवायच्या आणि उरलेल्या डब्यात टाकायच्या, कारण बरं वाटत असताना औषध खाणं म्हणजे उधळेपणा. मग कुणाला खोकला झाला की जिन्यात विचारपूस होते आणि वरच्या मजल्यावरच्या अर्ध्या गोळ्या खालच्या मजल्यावर जातात. सर्वज्ञांचा डबा सगळ्यांत मोठा. त्यांनी गोळ्या रंगावार लावून ठेवल्या आहेत. अप्पांचा डबा म्हणजे तेलरंगाचा जुना पत्र्याचा डबा. उरलेला रंग झाकण घट्ट लावून ठेवला तर पुढच्या पाटीला चालतो, मग गोळी का चालू नये, असा त्यांचा रोकडा हिशेब होता. आणि मी दाव्यात एक तारीख चुकली तर माणसाला परत पाठवणारा, मीही त्या डब्यातून घेतच आलो होतो. सगळं घरच घेत होतं.

"ताप उतरतो म्हणजे जंतू संपतात असं नाही," डॉक्टरबाई सांगत होत्या. त्या रागावल्या नव्हत्या, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "दुबळे असतात ते आधी मरतात. चिवट मागे राहतात. तुम्ही तिथे थांबता. पुढच्या वेळी वाढतात ते त्या चिवटांचे वंशज. त्यांच्यावर पुन्हा अर्धं औषध. असं किती वर्षं चाललंय?"

अप्पांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. दोघांनाही उत्तर ठाऊक होतं, म्हणून कुणी दिलं नाही.

"आता डब्या पुरे झाल्या," त्या म्हणाल्या. "यांना आजच भरती करा."

इस्पितळ हे प्रकरण मी दुसऱ्या बाजूनं चांगलं ओळखतो. तिथले कागद माझ्याच टेबलावर येतात. तरी भरतीच्या काउंटरवर माझ्याकडे अप्पांच्या ओळखपत्राची मागची बाजू नव्हती, म्हणून मला रांगेच्या शेवटी पाठवण्यात आलं. चाकाच्या खुर्चीत अप्पा धापा टाकत होते. त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं, त्यांना पाणी हवंय.

"ती पाटी बघ," ते म्हणाले. समोर भिंतीवर 'शांतता राखा' असं लिहिलं होतं. "माझी नाही. 'ता' बघ कसा लंगडा काढलाय."

पुढे वॉर्ड, नाकावर ऑक्सिजन, हातात सुई. डॉक्टरबाई रोज येऊन जात. वॉर्डातले मोठे डॉक्टर म्हणाले, कफ येत नसेल तर घशातून नळी घालून ओढून घेऊ. अप्पांनी नळी पाहिली. मग त्यांनी मास्क बाजूला केला आणि मला म्हणाले, "डबी दे."

मी डबी दिली. सवयीनं पाठ फिरवायला लागलो.

"थांब," ते म्हणाले. "धर मला. बसव."

मी त्यांच्या पाठीमागे हात घालून त्यांना बसतं केलं. शेजारच्या पलंगावरचा माणूस बघत होता, त्याची बायको बघत होती, नर्स बघत होती. अप्पांनी दीर्घ श्वास घेतला, जेवढा मिळाला तेवढा, आणि खोकले. माझ्या हाताखाली त्यांच्या बरगड्या हलल्या. पुन्हा खोकले. मग जन्मात पहिल्यांदा सगळ्यांच्या देखत ते डबीत थुंकले. हिरवं, घट्ट, दोरे सुटलेलं. त्यांनी स्वतः झाकण लावलं आणि माझ्याकडे न बघता डबी पुढे केली.

"घे. घाण आहे," ते म्हणाले.

मी ती दोन्ही हातांनी घेतली. जिन्यावरून उतरताना मी रडत होतो, आणि लोकांना वाटलं असेल की कुणीतरी गेलं. खरं तर मी इतका खूश त्या सगळ्या दिवसांत झालो नव्हतो. खिडकीतल्या बाईंनी डबी उजेडात धरली.

"उत्तम," त्या म्हणाल्या. "अगदी असाच हवा होता."

मी वर जाऊन अप्पांना सांगितलं. अप्पांनी डोळे मिटून मान हलवली. मला वाटतं, त्यांना बरं वाटलं. कामात खोट काढलेली त्यांना कधी खपली नव्हती.

जंतू या वेळी जोमानं वाढले. त्यांच्यावर एकेक औषध घालून बघितलं आणि ते एकेक औषध त्यांनी झुगारून दिलं. पांढऱ्या गोळ्या, गुलाबी गोळ्या, डॉक्टरबाईंच्या नव्या गोळ्या, वॉर्डात सुईतून चाललेलं औषध, कशालाच त्यांनी दाद दिली नाही. डॉक्टरबाई मला हे वाचून दाखवत असताना मी शेवटपर्यंत वाट बघत होतो. शेवटी एक निघालं. राखून ठेवलेलं, जुनं, मूत्रपिंडाला त्रास देणारं.

"ते सुरू करतो," त्या म्हणाल्या. "आधी कळलं असतं तर..." मनातल्या मनात मी घासलेली डबी, मोरीतला नळ आणि सर्वज्ञांच्या लांबट गोळ्या यांची बेरीज करत बसलो, आणि दर वेळी ती बेरीज आमच्याच घरात येऊन थांबत होती.

ते औषध जंतूंना लागू पडलं, असं नंतर सांगितलं गेलं. अप्पांच्या मूत्रपिंडांनी मात्र आधी हात टेकले. एका दुपारी, आई त्यांचे पाय चेपत असताना, ते गेले. मला त्यांचा फार राग आला होता आणि तो कुठे ठेवायचा ते मला अजून कळलेलं नाही.

लोक भेटायला येऊ लागले. त्या गडबडीतही मी तेलरंगाचा डबा उचलून औषधाच्या दुकानात नेला आणि या गोळ्या नष्ट करा म्हणून सांगितलं. दुकानदार म्हणाला, घ्यायचा आमच्याकडे नियम नाही, मोठ्या इस्पितळात विचारा. इस्पितळात म्हणाले, कुठून घेतल्या त्याच्या पावत्या लागतील. मी काउंटरवर डबा ठेवून सरळ निघून आलो. पाठीमागून कुणीतरी "अहो साहेब, हे अपूर्ण आहे" असं ओरडत होतं.

घरी आलो तर सर्वज्ञ बसलेले. डोळे लाल. त्यांचं अप्पांवर खरंच प्रेम होतं, हे मी नाकारणार नाही. ते बोलता बोलता खोकले, थांबले, पुन्हा खोकले. आईनं पाणी दिलं.

"कधीपासून आहे काका?" मी विचारलं.

"झाले की बरेच दिवस. मेहुण्याचंच बाधलं वाटतं." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अरे, विचारू नये आत्ता. पण अप्पांच्या त्या शेवटच्या भारीतल्या गोळ्या उरल्या असतील ना? वाया कशाला घालवायच्या?"

आई सवयीनं कपाटाकडे जायला उठली. आमच्याकडे शेजाऱ्यानं मागितलं की उठायचं, एवढंच तिला ठाऊक आहे. कपाटात डबा नव्हता. मी तिच्या आधी तिथे पोचलो आणि जादा आणलेली डबी काढली. लाल झाकणाची, कोरी, आईचा हात न लागलेली.

"काका, गोळ्या नाहीत. ही घ्या," मी म्हणालो. "सकाळी उठल्या उठल्या साध्या पाण्यानं चूळ भरायची. दीर्घ श्वास घ्यायचा. खोलवरून खोकायचं. थुंकी नको, कफ हवा. चमचाभर पुरे." मी डबी त्यांच्या हातात ठेवली. "आणि हिरवा असला तर टाकू नका. लाजायचं नाही. पाहिजे तर मी धरून बसवीन तुम्हाला."

सर्वज्ञांनी डबी फिरवून फिरवून पाहिली. "यात थुंकायचं? आणि मग ते लोक उघडून बघणार?" त्यांनी तोंड वाकडं केलं. "शी! छे रे, मला काय एवढं झालंय!" डबी टेबलावर ठेवून ते उठले, आईला नमस्कार केला आणि निघाले.

जिन्यावरून त्यांचा खोकला खाली उतरत गेला. एकेका मजल्यावर थांबत, खोल, आतून ओढून आल्यासारखा. मी हा आवाज ओळखत होतो. इतके दिवस मी बंद दारामागे उभं राहून त्याचीच वाट पाहिली होती. आई दारात येऊन ऐकत होती. तिनं टेबलावरची डबी उचलून माझ्या हातात दिली. पदरानं पुसलीसुद्धा नाही.

मी खाली गेलो. तळमजल्यावर अप्पांची पाटी होती, टिंब नीट गोल, एकही पोपडा न उडालेली. तिच्या शेजारच्या दाराची घंटा मी वाजवली. आत खोकला थांबला.

"कोण आहे?"

"मीच," मी म्हणालो. "काका, डबी विसरलात."